उपग्रहांची साडेसाती

माझ्या पत्रिकेत नऊ ग्रह आहेत आणि त्यांतला एकही माझ्या बाजूचा नाही, हे आमच्या गुरुजींनी मी चौथीत असतानाच वडिलांना सांगून टाकले होते. त्यामुळे मी ग्रहांशी लहानपणापासून जुळवून घेत आलो. शनी आहे म्हणून बढती नाही, मंगळ आहे म्हणून साहेबांशी पटत नाही, राहू आहे म्हणून मार्चअखेरीस ताळा चुकतो, असा सगळा कारभार सुरळीत चालला होता. पण गेल्या दिवाळीत पुण्याच्या भाच्याने एक काळी डबी माझ्या हातावर ठेवली आणि या नऊ जणांच्या संयुक्त खात्यात एकदम तीसएक उपग्रहांची भर पडली.

डबी म्हणजे सायकलवर लावायचे जीपीएस यंत्र. आकाराने काड्यापेटीच्या थोरल्या भावाएवढे, वजनाने शंभर ग्रॅमच्या आत. भाच्याने नवे घेतले म्हणून जुने मला दिले. जुने म्हणजे दोन वर्षांचे. पुण्यात दोन वर्षांत वस्तू जुनी होते. आमच्या बुलढाण्याला दोन वर्षांत तिच्यावरचे प्लॅस्टिक निघते. किंमत विचारली तेव्हा भाचा लाजला. मग आमच्या हिने ती मोबाइलवर शोधून काढली आणि म्हणाली, "अहो, सायकल साडेअकरा हजारांची आणि तिच्यावरची डबी बावीसची? हे म्हणजे बैलापेक्षा घुंगरू महाग!"

सायकलचा इतिहासही थोडक्यात सांगायला हवा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझे रक्त तपासले आणि "साखर काठावर आहे" असे जाहीर केले. बावीस वर्षे बँकेत एका खुर्चीवर बसून मी कमावलेली ही एकमेव ठेव, आणि तिच्यावर व्याजही चक्रवाढ. डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल चालवा. मी चालून पाहिले. पण बँकेतला माणूस गावात चालू लागला की चार पावलांवर एकेकजण त्याला थांबवतो आणि पेन्शन का जमा झाली नाही ते विचारतो. सायकलवरून निदान पळता येते. म्हणून सायकल.

जोडीदार मिळाला तो शेजारचा. आम्ही सगळे त्यांना पोस्टमनकाका म्हणतो. वय अडुसष्ट. उभी हयात त्यांनी सायकलवरून टपाल वाटले. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक सत्संगाला जातात, काका सायकलवरच राहिले. त्यांची सायकल काळी, दांड्याची, मागे लोखंडी कॅरिअर असलेली. पायडलची एक फेरी पुरी झाली की साखळीतून 'कुईं' असा एक आवाज येतो. दर फेरीला एक कुईं. भाच्याने मला सांगितले की पायडलच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते मोजायला वेगळा सेन्सर मिळतो. काकांना तो जन्मजात बसवलेला आहे.

आता मुद्द्याकडे येतो. वर्तमानपत्रांत पुस्तकांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात, पण घरात शिरून माणसाच्या सवयी बदलणाऱ्या वस्तूंचे परीक्षण कोणी मनावर घेत नाही. त्यांची एकतर जाहिरात होते, नाहीतर तक्रार होते. मी साहित्याचा टीकाकार नाही, साधा बी. कॉम. आहे, पण दरवर्षी ऑडिट पाहिलेला माणूस आहे. तेव्हा आठ-नऊ महिने वापरून या यंत्राचे मी जे ऑडिट केले, ते येथे सादर करतो. कंपनीचे नाव मात्र विचारू नका. गिऱ्हाइकाचे खाते चारचौघांत न उघडण्याची सवय नोकरीने लावली आहे.

प्रथम जमेची बाजू. यंत्रामागची कल्पना दाद द्यावी अशीच आहे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरत असतात. प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ. प्रत्येकजण सारखा सांगत असतो, "मी अमुक जागी आहे, आणि आत्ता इतके वाजले आहेत." तो निरोप आपल्या डबीपर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळते. असे निदान चार उपग्रह गाठले की आपली जागा निघते. सगळा खेळ घड्याळाचा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागेत तीनशे मीटरचा फरक पडतो.

हे वाचून मी आमच्या शाखेतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ते सात मिनिटे पुढे असते, कारण शिपायाला वेळेवर घरी जायचे असते. मी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. सात मिनिटांत प्रकाश साडेबारा कोटी किलोमीटर जातो. म्हणजे आमच्या घड्याळावर भरवसा ठेवून जागा काढली, तर आमची शाखा बुलढाण्यात नसून सूर्याच्या वाटेवर चार-पंचमांश अंतर पुढे निघून गेलेली आहे. उन्हाळ्यात काउंटरवर बसले की हे पटतेही.

हा खटाटोप अमेरिकेच्या लष्कराने स्वतःसाठी सुरू केला. पहिला उपग्रह १९७८ साली वर गेला आणि १९९५ साली सगळी व्यवस्था पुरी झाली. सामान्य माणसाला मात्र २००० सालच्या मे महिन्यापर्यंत निरोपात मुद्दाम चूक मिसळून देत असत. शंभरेक मीटर इकडेतिकडे. म्हणजे साहेबांसाठी खरी वही आणि गिऱ्हाइकासाठी वेगळी. पुढे रशिया, युरोप, चीन यांनी आपापले उपग्रह फिरवले. आपल्या इस्रोनेही २०१३ पासून उपग्रह सोडले आणि २०१६ साली आपल्या व्यवस्थेला 'नाविक' असे नाव मिळाले. आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, बंदर नाही, पाणी म्हणावे तर लोणारचे, तेही खारट. तरी आमच्या डोक्यावर नाविक आहे, याचा मला अभिमान वाटतो.

शिवाय मोजमापाची विदर्भाला सवय आहे. साऱ्या हिंदुस्थानची त्रिकोणमितीने मोजणी करायला निघालेला कर्नल लॅम्टन दक्षिणेकडून मोजत मोजत वर आला आणि १८२३ साली हिंगणघाटला वारला. त्याचे थिओडोलाइट अर्ध्या टनाचे होते. ते उचलायला माणसांचा ताफा लागे. त्याच साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आमच्या लोणारच्या सरोवराची नोंद केली. ज्या दगडाने हे जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर पाडले, तो मात्र कुठल्याही यंत्राला न विचारता थेट पत्त्यावर आला होता. असो.

आता रस्ता दाखवण्याचे काम. येथे यंत्राची आणि काकांची पहिली गाठ पडली.

एकदा मला एका कर्जदाराकडे पिंपळगावला जायचे होते. मी रविवारी सायकलवरूनच निघालो. यंत्रात 'पिंपळगाव' लिहिले, पहिले नाव आले ते दाबले, रेघ उमटली. काकांनी विचारले, "कोनतं पिंपळगाव?"

मी म्हटले, "काका, यंत्राला ठाऊक आहे."

"अरे बाप्पा, पिंपळगाव सराई हाय, पिंपळगाव राजा हाय, पिंपळगाव देवी हाय, पिंपळगाव काळे हाय. जिल्ह्यात पिंपळगावं कमी हायत का? तालुका काय लिह्यला हाय कागदावर?"

कागदावर पिंपळगाव सराई होते. सैलानी बाबाच्या दर्ग्याजवळचे. रेघ खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाकडे निघाली होती. मी तसाच गेलो असतो तर कर्जदाराऐवजी थेट घाटाखाली पोहोचलो असतो. चूक यंत्राची म्हणता येणार नाही. मी घाईने पहिले नाव दाबले. पण काका आधी प्रश्न विचारतात आणि मग रस्ता सांगतात. यंत्र आधी रस्ता सांगते आणि प्रश्न आपल्याला पोहोचल्यावर पडतात.

ऑडिटरने एका बाजूचे लिहू नये, म्हणून दुसराही प्रसंग सांगतो. मेहकरला काकांच्या साडूकडे मुक्काम होता. सायकली टेम्पोत टाकून नेल्या होत्या. सकाळी काका म्हणाले, "यंत्र खिशात ठेव. मले बैलगाडीचा रस्ता माहीत हाय." तो रस्ता तासाभराने एका उंच भरावापाशी संपला. वर समृद्धी महामार्ग. मुंबई ते नागपूर, ७०१ किलोमीटर. नागपूरकडून शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, शेवटचा जून २०२५ मध्ये. त्यावर सायकलला बंदी. काका त्या भरावाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या डोक्यातला नकाशा १९९५ साली छापलेला होता आणि सरकारने त्यांना न कळवता त्यात फेरफार केला होता. शेवटी मी डबी काढली. तिने दीड किलोमीटरवरचा बोगदा दाखवला आणि आम्ही खालून पार झालो. काका नंतर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हुशार हाय रे तुही डबी." ही पोचपावती मी जपून ठेवली आहे.

उंचीचा विषय आमच्या जिल्ह्यात फार नाजूक. येथे माणसाला जात विचारायच्या आधी घाटावरचा की घाटाखालचा हे विचारतात. बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव हे घाटाखाली. वरचा माणूस खालच्याला उन्हात भाजलेला समजतो आणि खालचा वरच्याला कोरडवाहू. यंत्र हा फरक मीटरमध्ये सांगते. मात्र उंची मोजायला त्यात हवेच्या दाबाचा मापक असतो. वर गेले की दाब उतरतो, त्यावरून ते उंची काढते. गोची अशी की पाऊस जवळ आला तरी दाब उतरतोच. मार्चमध्ये अवकाळीचे ढग आले त्या रात्री यंत्र ओसरीवर पडून होते. सकाळी पाहतो तो आमचे घर चाळीस मीटर वर गेलेले! मी हिला सांगितले. ती म्हणाली, "मग घरपट्टी वाढायच्या आत खाली आणा."

तसे भाकिताचे आम्हाला वावडे नाही. आमच्याच जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी करतात. धान्याचे ढीग, घागर, पुरी, पापड मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले ते पाहून वर्षाचा पाऊस आणि पीक सांगतात. यंत्र याच्या एक पाऊल पुढे. ते छातीला पट्टा बांधून माझ्या हृदयाचे ठोके मोजते आणि सांगते, "विश्रांतीची गरज : ३८ तास." पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला गहिवरून आले. आयुष्यात एवढी काळजी फक्त आईने केली होती. मी ते साहेबांना दाखवले आणि दीड दिवसाची रजा मागितली. साहेबांनी यंत्र हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, "याच्यावर सही कोणाची?"

ठोक्यांचेही गणित आहे. दोनशे वीसमधून वय वजा करायचे. उरेल तो आपला कमाल ठोका. माझा १७४. मी एक दिवस पट्टा बांधूनच बँकेत बसलो. घाट चढताना १५५ होणारे ठोके ऑडिटर आत आल्याबरोबर, खुर्चीवर बसल्या बसल्या, १३२ झाले. म्हणजे साखर उतरवायला सायकलची गरज नव्हती, ऑडिटर रोज आला असता तरी चालले असते.

आणखी एक सोय. आपण कुठे आहोत ते घरच्यांना मोबाइलवर दिसते. नकाशावर आपला ठिपका सरकतो. ही सोय भाच्याने मला न विचारता हिच्या मोबाइलवर सुरू करून दिली. तिसऱ्याच दिवशी फोन आला : "कचोरीच्या दुकानापाशी ठिपका अकरा मिनिटे उभा आहे. तब्येत बरी आहे ना?" मी फार मनाला लावून घेतले नाही. २०१८ सालच्या जानेवारीत 'स्ट्राव्हा' या व्यायामाच्या अॅपच्या नकाशावर धावणाऱ्या जवानांच्या रेघांवरून दूरदूरचे लष्करी तळ जगाला दिसले होते. जिथे सैन्याला लपता आले नाही, तिथे एका क्लार्कची कचोरी किती लपणार?

ज्यांचा हा धर्म आहे त्यांना हे यंत्र हवेच, याबद्दल वाद नाही. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि आमच्या विदर्भाचे, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या आत पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटर! ज्याला इतके जायचे आहे त्याने ठोका ठोका, थेंब थेंब मोजलाच पाहिजे. कोटीची उलाढाल असेल तर खतावणी लागते. माझा प्रश्न एवढाच होता, की ज्याची उलाढाल राजूर घाट खाली आणि राजूर घाट वर एवढीच, त्याने खतावणी कशाला ठेवावी?

हा प्रश्न मी स्वतःला वेळेवर विचारला नाही. त्याची ही गोष्ट.

दर रविवारी पहाटे आम्ही मलकापूरच्या रस्त्याने राजूर घाट उतरायचो, खाली चहा घ्यायचो आणि परत चढायचो. काकांचा नियम होता : वर जो आधी पोहोचेल त्याने शेवटच्या वळणानंतरच्या लिंबाखाली थांबायचे. पहिले वर्षभर आम्ही बरोबरच पोहोचायचो, कारण चढावर आम्ही दोघेही सायकल हातात धरून चालत होतो आणि गप्पा मारत होतो. कोणाची मनिऑर्डर कोणी लाटली, कोणत्या पाकिटात पत्राऐवजी काय निघाले, असल्या काकांच्या कथा घाटाएवढ्याच लांब असत.

मग डबी आली. तिने दाखवले की घाटाचा हा तुकडा अॅपमध्ये कोणीतरी नावासकट आखून ठेवला आहे आणि तो चढणाऱ्यांची वेळेप्रमाणे यादी आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात. आमच्या घाटाच्या यादीत मी खालून तिसरा होतो. एवढा तळाला मी कधी ग्रेडेशनच्या यादीतही नव्हतो! मी चालणे सोडले. दर रविवारी दोन-दोन मिनिटे कमी होऊ लागली. डबीवर बक्षिसाचा छोटा पेला उमटायचा. बावीस वर्षांच्या नोकरीत मला एकही पेला मिळालेला नाही. येथे आठवड्याला एक मिळत होता. बोलत चढले की ठोके वाढतात आणि वेळ जातो, म्हणून मी बोलणे बंद केले. काकांच्या कथा अर्ध्यावर राहू लागल्या. एकदा त्यांनी डबीत डोकावून विचारले, "याच्यात मी कुठी दिसतो?"

"तुम्ही नाही दिसत काका. फक्त मी."

"बरं, बरं," ते म्हणाले.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मला सबंध फेरीची सरासरी तासाला २० किलोमीटरच्या वर न्यायची होती. थांबल्यावर मोजणी आपोआप थांबवायची सोय यंत्रात आहे. पण भाचा म्हणाला होता, खरे सायकलवाले ती बंद ठेवतात, थांबलेला वेळही धरतात. मी ती बंद केली होती. त्या दिवशी खालचा चहासुद्धा मी उभ्यानेच घेतला. मागून कुईं, कुईं येत होते. मधल्या वळणापर्यंत येत होते. त्यानंतर आले नाही. ते येत नाही हे मला कळले होते, खोटे कशाला बोलू? पण मी आकड्याकडे पाहत होतो. १९.८. १९.९.

लिंबाखाली मी थांबलो नाही. थांबलो असतो तर आकडा उतरला असता.

घरी आलो, पोहे खाल्ले. सरासरी २०.१. पाऊण तासाने काकांचा नातू दारात आला. "आजीनं विचारलं, आजोबा तुमच्याकडे बसले का?"

मी स्कूटर काढली. मधल्या वळणाच्या जरा वर काका कठड्यावर बसले होते. सायकल नीट स्टँडवर लावलेली, कुलूपसुद्धा घातलेले. कपाळावर घाम होता, आणि तो चढाचा नव्हता. डावा हात ते उजव्या हाताने चोळत होते. मला पाहून म्हणाले, "छातीत जरा भरल्यासारखं झालं. म्हनलं, तू येशीनच."

मी त्यांना मागे बसवले आणि दवाखान्याकडे निघालो. ते माझ्या पाठीला टेकून बसले होते. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारले, "मंग? गेलं का वीसच्या वर?"

मी म्हणालो, "नाही काका. राहिले थोडक्यात."

बावीस वर्षांच्या नोकरीत मी केलेली ही पहिली खोटी नोंद.

काका वाचले. छत्रपती संभाजीनगरला नेले, नळीत जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर सांगता आले नसते. हा तासाचा हिशेब मात्र डबीत कोठे नव्हता.

त्या रात्री मी अॅप उघडले. तीन पेले! घाटाचा सर्वोत्तम वेळ, सर्वोत्तम सरासरी, महिन्यातली सर्वोत्तम फेरी. खाली हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, उंचीचा आलेख, वेगाचा आलेख; सगळे अचूक. खोटे एक अक्षर नव्हते. तेव्हा मला कॉलेजातल्या आमच्या हिशेबशास्त्राच्या सरांची आठवण झाली. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली होती आणि सांगितले होते, जमा झाले असेल तर कुठेतरी नावे पडलेच असणार; ते सापडत नाही तोवर वही मिटायची नाही. या यंत्राची सगळी हुशारी, सगळे उपग्रह, सगळी अणुघड्याळे मान्य करून माझा ऑडिटरचा शेरा असा आहे, की ते एकेरी नोंद पद्धतीने हिशेब ठेवते. माझी बारा सेकंदे जमा झाली, ती कोणाच्या नावे पडली, तो रकाना त्यात नाही. एकेरी नोंद खोटी नसते, अपुरी असते. आणि वही लिहिणाऱ्याला ती पुरी वाटते, हीच तिची गोम.

खाली एक बटण होते : फेरी पुसून टाका. बोट तिथे गेलेही. पण बँकेत चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत. ती तशीच ठेवून समोर दुसरी नोंद घालतात, आणि सही करतात. अॅप प्रत्येक फेरीला आपणच 'सकाळची फेरी' असे नाव देते, आणि ते बदलता येते. मी ते खोडले आणि तिथे लिहिले : 'काका मागे राहिले.'

दहा मिनिटांत पुण्याहून फोन. "मामा, वीसच्या वर! जबरदस्त! पण नाव असं काय दिलंय?" मी सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मुलगा वाईट नाही. दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. म्हणाला, "मामा, मी तुमच्यासाठी एक रडार मागवतोय. सीटखाली लावायचं. मागून काय येतंय ते शंभरावर मीटरवरूनच तुमच्या स्क्रीनवर दिसतं."

मी हरखून म्हणालो, "म्हणजे काका मागे राहिले तर दिसतील?"

"नाही मामा. तुमच्यापेक्षा जोरात येणारं दिसतं. मागे पडलेलं नाही दिसत."

मी रडार नको म्हणालो.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी काकांना सपाटीवर सायकल चालवायची परवानगी दिली. आता आम्ही चिखलीच्या रस्त्याने थोडे जातो आणि परत येतो. सरासरी ११. मोजणी आपोआप थांबवायची सोय मी पुन्हा चालू केली आहे. यंत्र दर आठवड्याला कळवते, की तुमची तयारी घसरत चालली आहे. साखर मात्र काठावरून दोन पावले आत आली. बहुधा मनिऑर्डरच्या कथा पुन्हा सुरू झाल्यामुळे. डबी मी फेकलेली नाही. समृद्धीखालचे बोगदे शोधायला ती लागते, आणि काकांनीही तिला हुशार म्हटले आहे. पण ती मी हँडलवरून काढून खिशात ठेवतो, आणि पुढे राहिलो तरी कान मागे ठेवतो. कुईं ऐकू आली नाही की थांबतो.

परवा एक भानगड झाली. काकांच्या नातवाने आजोबांवरच्या प्रेमापोटी साखळीला तेल दिले. सायकल एकदम गप्प. पहिल्याच किलोमीटरला मी चार वेळा वळून पाहिले. परत आल्यावर मी त्या पोराला चांगलेच झापले. तो बिचारा गोंधळून आजोबांकडे बघू लागला.

काका म्हणाले, "राहू दे रे. आठ दिवसांत पुन्हा वाजन. तोवर मी घंटी वाजवतो."